शंभर किलोंची रेष: हॉटेलातल्या गॅसमागचा कायदा

व्यावसायिक गॅसचा बाटला 19 किलोचा. पाच ठेवले तर 95 किलो, सहावा आणला की 114. ही बेरीज हॉटेलवाल्यांना तोंडपाठ असते, कारण एका वेळी 100 किलोंपर्यंत एलपीजी ठेवायला स्फोटके विभागाचा परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोटकांशी काय संबंध? मूळ स्फोटक कायदा 1884 चा, दारूगोळ्यासाठी केलेला. 1938 मध्ये सरकारने अधिसूचना काढून धातूच्या बाटल्यात दाबून भरलेला वायू ‘स्फोटक’ ठरवला आणि 1940 मध्ये गॅस सिलिंडर नियम आले. तेव्हा भारतातल्या स्वयंपाकघरात एलपीजी नव्हताच. तो मुंबईत आला 1955 च्या सुमारास, बर्मा शेलचा ‘बर्शेन’ म्हणून. 1965 मध्ये इंडेन आला. नियम 1981, 2004 आणि 2016 मध्ये नव्याने लिहिले गेले. अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे, म्हणजे याच स्फोटके विभागाचे, मुख्यालय नागपुरात आहे.

बाटला उभाच ठेवायचा, हा नियम अनेकांना उगाच काढलेला वाटतो. उभ्या बाटल्यात द्रव तळाशी राहतो आणि व्हॉल्व्हमधून वायू येतो. आडवा केला की द्रवच बाहेर पडू शकतो, आणि तो वायू होताना सुमारे अडीचशे पट फुगतो. हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला तरी ठिणगी पुरते. शिवाय तो हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीलगत सरकत गटारात, तळघरात साचतो. म्हणून तळघरात साठा नको, आणि हवेची वाट खाली, जमिनीलगत हवी. छताजवळच्या पंख्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची मला कमाल वाटते. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन या रसायनाचा उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, पण तो यायला नाक जवळ हवे.

माझ्या मते या रेषेची खरी उणीव अशी की ती किलो मोजते, जागा नाही. उभा ठेवा, वारा खेळता ठेवा हे नियम पाच बाटल्यांनाही आहेत. पण परवानाच नाही म्हटल्यावर ते पाहायला स्फोटके विभागाचा माणूस येणार कशाला? मग उरते महापालिका.

16 ऑक्टोबर 2015 रोजी कुर्ल्यातल्या ‘सिटी किनारा’ हॉटेलात गॅसगळतीतून आग लागली. पोटमाळ्यावर जेवायला बसलेले आठजण गेले; त्यांत बहुतेक कॉलेजची मुले होती. पोटमाळा बेकायदा होता. पालकांनी लोकायुक्तांकडे दाद मागितली, तिथे ती फेटाळली गेली, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले. जून 2025 मध्ये न्यायालयाने महापालिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले आणि प्रत्येक कुटुंबाला 50 लाख रुपये देण्याचा आदेश दिला.