पुसण्यासाठीही जागा लागते

डिस्क काठोकाठ भरली की आपण जुन्या फाइली पुसायला घेतो. पण काही फाइल सिस्टिमांवर, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या प्रणालींवर, नेमके अशाच वेळी ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळू शकते. पुसण्यालाच जागा कशाला लागावी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘कॉपी-ऑन-राइट’ पद्धतीत दडलेले आहे.

फाइल सिस्टिम डिस्कची विभागणी ब्लॉकमध्ये करते. लिनक्सवरील एक्स्ट४ मध्ये हा ब्लॉक साधारणतः ४०९६ बाइटांचा असतो आणि कोणता ब्लॉक वापरात आहे याची नोंद प्रत्येकी एका बिटने ठेवली जाते. त्यामुळे एका नोंद-ब्लॉकमध्ये ३२,७६८ ब्लॉकांचा, म्हणजे १२८ एमबी जागेचा हिशेब मावतो. फाइल बदलली की नवा मजकूर जुन्याच ब्लॉकवर लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर हिशेब अर्धवट राहू नये म्हणून नोंदींतले बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका रोजनिशीत, लिहून ठेवतात.

कॉपी-ऑन-राइटमध्ये वापरातल्या ब्लॉकला हातच लावायचा नसतो. नेटॲपने १९९० च्या दशकात, सन मायक्रोसिस्टम्सने झेडएफएसमध्ये आणि ॲपलने २०१७ मध्ये आणलेल्या एपीएफएसमध्ये हे तत्त्व आपापल्या परीने वापरले. येथे उदाहरण घेऊ ते बीटीआरएफएसचे. ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये तिचे काम सुरू केले आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या २.६.२९ आवृत्तीत आली.

समजा, मोठ्या फाइलमधला एकच ब्लॉक बदलला. नवा मजकूर दुसऱ्या मोकळ्या ब्लॉकवर जातो. त्याचा पत्ता ज्या पानात नोंदलेला असतो ते पान, सहसा १६ केबीचे, आता बदलावे लागते. पण तेही जागच्या जागी बदलता येत नसल्याने त्याची नवी प्रत निघते. मग त्या पानाचा पत्ता ठेवणाऱ्या वरच्या पानाची, अशी साखळी या पानांच्या फांद्याफांद्यांच्या रचनेच्या, म्हणजे वृक्षाच्या, मुळापर्यंत जाते. शेवटी नव्या मुळाचा पत्ता सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिम वाचायला जिथून सुरुवात होते त्या ठरलेल्या ब्लॉकमध्ये, लिहिला जातो. हा सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ६४ केबी अंतरावर असतो आणि तो मात्र, गंमत म्हणजे, जागच्या जागीच लिहितात.

खरी कसोटी यापुढे आहे. कोणती जागा कोणाकडे आहे याचा हिशेबही एका वृक्षातच असतो. नवा ब्लॉक दिल्याची नोंद करायची तर त्या वृक्षाचे पान बदलावे लागते, त्या पानाच्या प्रतीला नवा ब्लॉक लागतो आणि त्या ब्लॉकचीही नोंद करावी लागते. हे चक्र थांबते ते दोन युक्त्यांमुळे: हिशेबातले बदल लगेच न लिहिता स्मृतीत साठवून एकगठ्ठा मांडले जातात, आणि चालू व्यवहारात (एकत्र डिस्कवर जाणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) एकदा प्रत निघालेले, अजून डिस्कवर न गेलेले पान पुन्हा बदलताना त्याची दुसरी प्रत काढली जात नाही. पान कोणत्या व्यवहारात लिहिले गेले हे सांगणारा, पानावरचा पिढीक्रमांक पाहून हे ठरवले जाते. हा तपास माझ्या मते या कोडमधला सर्वांत देखणा भाग आहे.

स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणीची जपलेली स्थिती, घेताना फक्त मुळाची प्रत निघते आणि खालच्या पानांची संदर्भसंख्या, म्हणजे त्यांच्याकडे किती जण बोट दाखवतात तो आकडा, वाढते. ती शून्यावर आल्याशिवाय ब्लॉक मोकळा होत नाही. आल्यावरही नवा सुपरब्लॉक लिहून होईपर्यंत तो कोणाला देता येत नाही, कारण तोवर वीज गेली तर जुनाच वृक्ष उपयोगी पडणार असतो.

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. फाइल पुसणे म्हणजे पाने बदलणे, म्हणजेच आधी नवी पाने मिळवणे. जुनी जागा हाती येते ती नंतर, आणि एखाद्या स्नॅपशॉटने ती धरून ठेवली असेल तर तेव्हाही नाही. म्हणूनच बीटीआरएफएस अशा अडचणीसाठी कमाल ५१२ एमबीपर्यंत राखीव जागा बाजूला ठेवते.

डेटाबेससारख्या, सतत मधेच बदलणाऱ्या फाइलींना ही पद्धत मानवत नाही. तुकडे तर वाढतातच. शिवाय सलग दिलेल्या मोठ्या पट्ट्याचा मधला भाग कालबाह्य झाला तरी उरलेला भाग वापरात असेपर्यंत पूर्ण पट्टा अडून राहतो. अशा फाइलींसाठी कॉपी-ऑन-राइट बंद करता येते, पण मग मजकूर बिघडला का हे तपासणारी बेरीज, चेकसम, हीही मिळत नाही. आणि त्या फाइलीचा स्नॅपशॉट घेतला, तर प्रत्येक ब्लॉकवरचे पुढचे पहिले लेखन तरीही नव्या जागीच होते, कारण जुन्या ब्लॉकला आता दोन धनी असतात.