जुन्या फोर बाय फोर गाड्यांची खरेदी-विक्री (ठाणे व नवी मुंबई)

जुन्या जीप, जिप्सी, जोंगा अशा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचा हा सेकंड हँड व्यवहार. ठाणे-नवी मुंबईत त्याला ठरलेला बाजार असा नाही, वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीकडच्या गॅरेजांतून, मेकॅनिकच्या ओळखीने चालतो. गाडी विकायची झाली की मालक आधी मेकॅनिकच्या कानावर घालतो, आणि मेकॅनिक बहुतेकदा दोन्हीकडून कमिशन घेतो हे सगळ्यांना माहीत असतं.

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त महिंद्राच्या जीपला. कंपनीने 1947 पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, त्यामुळे या भागात स्पेअर आणि ती गाडी हातात घेऊन वाढलेले मिस्त्री दोन्ही मिळतात. दुसऱ्या महायुद्धातली लो बॉनेट जीप ही शौकिनांची आणि सगळ्यात महाग. नंतरच्या सीजे 3बी या जीपचं बॉनेट उंच, कारण त्यात उंचीला जास्त असलेलं हरिकेन इंजिन बसवायचं होतं. रोज वापरायला मात्र महिंद्राचीच एमएम 540 बरी, प्युजोचं डिझेल इंजिन, आवाज जास्त पण खर्च कमी. मारुती जिप्सी 1985 ला 970 सीसी इंजिनावर आली, 1996 ला 1298 सीसीची जिप्सी किंग आली, सामान्य गिऱ्हाइकांसाठी 2019 ला बंद झाली आणि त्यानंतर तिला मागणी वाढली. जोंगा जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी बनायची, जवळपास 4 लिटरचं पेट्रोल इंजिन, तेव्हा मायलेज विचारायचंच नाही.

बघायला जाताना रंगाकडे बघू नका. चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) खाली झोपून गंज बघा, खाडीच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून सडलेली असते आणि वरून पुट्टी मारून चकाचक केलेली असते. जिप्सीचा फ्लोअर आणि बॉडी माउंट (बॉडी चासीला जोडणारे सांधे) हे खास बघायचे. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जागेवर आहे का तेही बघा, कारण फोर बाय फोर बिघडला की दुरुस्तीच्या खर्चाला कंटाळून लोक तो काढून ठेवतात आणि नुसता लिव्हर तेवढा उरतो. चाचणी खडीवर किंवा मातीत घ्या, डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळवली तर या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं सेंटर डिफरन्शियल नसल्याने ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. येऊरच्या जंगलात घेऊन जायचा मोह टाळा, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

खरी गोम कागदांत. बॉडी नवी बनवून मिळते, गिअरबॉक्स कुर्ल्याला मिळतो, पण आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) नंबर चासीवर नसेल तर ते कुणीच दुरुस्त करून देत नाही, म्हणून भाव गाडीपेक्षा कागदांवर ठरतो. चासी नंबरची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी जुळवा. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल इंजिन असं सर्रास सापडतं, आरटीओची परवानगी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते बसत नाही. हरियाणातल्या डबवालीहून सजवून आणलेल्या देखण्या जीपांच्या बाबतीत तर हे दोनदा तपासा. सैन्याच्या लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद मागा, झेरॉक्सवर टोकन देऊ नका.

एमएच 04 ठाणे आणि एमएच 43 नवी मुंबई, या पासिंगला (आरटीओ नोंदणीला) इथे जास्त पसंती, कारण परराज्यातली असली की एनओसी, रोड टॅक्स आणि चकरा, तिन्ही आले. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, मग दर 5 वर्षांनी रिन्यू करायचं, सोबत पर्यावरण कर. 1 एप्रिल 2022 पासून ही रिन्यूअल फी कारसाठी 600 ची 5,000 झाली, 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्यांना 10,000. पासिंग संपलेली गाडी स्वस्त वाटते ती याच हिशोबात.

पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या 2021 च्या नियमांनी 'व्हीए' नंबर मिळू शकतो, नव्या रजिस्ट्रेशनला 20,000, दहा वर्षं चालतं. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. त्यामुळे वीकेंडला लोणावळा करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी या भानगडीत पडू नये.

गाडी नावावर करायला विकणाऱ्याने फॉर्म 29 आणि घेणाऱ्याने 30 भरायचा. कोरे फॉर्म सही करून मेकॅनिककडे ठेवायची इथली पद्धत भयंकर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव आहे तो मालक जबाबदार, गाडी त्याने कधीच विकली असली तरी. विमाही 14 दिवसांत नव्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, बहुतेक लोक तो पुढच्या रिन्यूअलपर्यंत विसरतात.