नगररचनेची पदवी : आधी कचेरी, मग वर्ग

महाराष्ट्रातल्या शहरांचे विकास आराखडे ज्या सरकारी खात्याच्या हाताखालून जातात, त्याचं पूर्ण नाव ‘नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभाग’ असं आहे. नगर रचना समजली, पण तिच्या शेजारी मूल्यनिर्धारण, म्हणजे जमिनीची किंमत ठरवणं, कशासाठी? नगररचनेच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हा विषय विद्यापीठातून कचेरीत गेला नाही. तो आधी कचेरीत आला आणि वर्गात बसायला त्याला पुढची चाळीस वर्षं लागली.

या गोष्टीची सुरुवात प्लेगपासून होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. दोन वर्षांत, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. कोंदट वस्त्यांत समुद्राची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्यासाठी ज्यांची घरं पाडली, ती माणसं शेजारच्याच चाळींत आणखी दाटीने शिरली. पुढे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर याच ट्रस्टने नीटस वसाहती आखल्या, तेही खरं. पण सगळी जमीन विकत घेऊन शहर वाढवायचं तर सरकारला पैसा पुरत नाही, हा धडा तोपर्यंत मिळाला होता.

मग १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. त्यातली ‘टीपी स्कीम’, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम किंवा नगररचना योजना, ही कल्पना मला आजही फार हुशारीची वाटते. शहराच्या कडेची शेतं वेडीवाकडी असतात. कुणाचा तुकडा लांबुळका, कुणाचा त्रिकोणी, कुणाला रस्ताच नाही. ही सगळी जमीन कागदावर एकत्र करायची, तिच्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी घटते, पण रस्ता आल्यामुळे तिची किंमत वाढते, आणि त्या वाढीतला वाटा मालकाने योजनेच्या खर्चासाठी भरायचा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ही उपनगरं अशा योजनांतूनच आकाराला आली. आता यात कळीचं काम कोणतं? आधीची किंमत किती, नंतरची किती आणि कुणाला किती भरपाई, हे ठरवणं. म्हणून कायद्यात लवादाची तरतूद होती, आणि १९१४ पासून सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ही कचेरी होती. ए. ई. मिराम्स हे त्या काळचे सल्लागार सर्वेक्षक. आजचा विभाग आपलं वय त्या १९१४ पासूनच मोजतो. नावातलं मूल्यनिर्धारण तिथलं आहे. मोजणी, हद्द, सर्व्हे नंबर, दर या भाषेत आपली नगररचना बोलायला शिकली.

तिकडे इंग्लंडमध्ये १९०९ साली लिव्हरपूल विद्यापीठात जगातला नगररचनेचा पहिला विद्यापीठीय विभाग सुरू झाला, साबण कारखानदार विल्यम लिव्हर यांच्या देणगीतून. ब्रिटनचा पहिला नगररचना कायदाही त्याच वर्षीचा. कायदा झाला की तो राबवणारी माणसं लागतात आणि ती घडवायला वर्ग लागतो, हे तिथे एकाच वेळी लक्षात घेतलं गेलं. मुंबईत कायदा आला, वर्ग आला नाही.

तरी संधी अगदी दारात आली होती. पॅट्रिक गेडेस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतः कधी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. १९१४ साली ते नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाले. ते सामान वाहणारं जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवलं, तेव्हा त्यांनी नवं साहित्य जमवून १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवलंच. पुढच्या काही वर्षांत ते इथल्या कितीतरी शहरांतून पायी हिंडले आणि त्यांनी अहवाल लिहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी सर्वेक्षण, मग योजना. डॉक्टर रोगी तपासतो तसं शहर तपासायचं, आणि शस्त्रक्रिया करायचीच तर कमीत कमी कापून. सरसकट वस्ती पाडून सरळ रस्ता काढण्याला त्यांचा कडवा विरोध होता. हिवतापाच्या भीतीने देवळांची तळी बुजवायची टूम निघाली तेव्हा त्यांनी मासे आणि बदकं सोडून तळी राखा असं सांगितलं.

होळकरांच्या इंदूरची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी अशी आहे. शहरात प्लेग होता. गेडेस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचं निमित्त केलं. ठरलेल्या जुन्या मार्गांऐवजी, ज्या रस्त्यांवर घरांची सर्वांत जास्त सफाई-डागडुजी होईल तिथूनच मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. गल्ल्यागल्ल्यांतून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाची आणि उंदराची सोंगं होती. नगररचना म्हणजे लोकांना सोबत घेणं, हे त्यांनी अहवालात लिहायच्या आधी रस्त्यावर करून दाखवलं.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमलं, समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे. मिराम्स यांची परंपरा कचेरीत, गेडेस यांची विद्यापीठात, दोन्ही एकाच इलाख्यात. पण दोन्ही प्रवाह भेटले नाहीत. गेडेस यांनी हेरलेला सर्वांत तल्लख विद्यार्थी होता मालवणचा गोविंद सदाशिव घुर्ये. विलायतेत शिकून आल्यावर १९२४ मध्ये त्यांनीच विभागाची सूत्रं घेतली आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. समाजशास्त्राचं त्यात भलं झालं. नगररचनेकडे मात्र जमिनीची फूटपट्टी तेवढी राहिली आणि जमिनीवरच्या माणसांचा अभ्यास दुसऱ्या विषयाकडे गेला. आपल्या शहरांच्या आराखड्यांत रस्ते, शाळा, बागा अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांचे रंग नेमके असतात, पण तिथे आधीपासून राहणारी वस्ती पुष्कळदा दिसतच नाही. याचं एक मूळ मला या फाटाफुटीत दिसतं.

स्वातंत्र्यानंतर निर्वासितांच्या वसाहती, नवी औद्योगिक शहरं, नव्या राजधान्या अशी कामं एकदम अंगावर आली. १९५१ मध्ये नगररचनाकारांची देशव्यापी संस्था स्थापन झाली. केंद्र सरकारने १९५५ मध्ये दिल्लीत नगर व ग्रामरचनेचं स्कूल काढलं. १९५९ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकचा वास्तुकला विभाग त्यात मिसळून स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर तयार झालं. १९५५ च्याच अखेरीस दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती, आणि तिच्या पाठोपाठ दिल्लीच्या आराखड्याला वेग आला. मुंबईत प्लेग, दिल्लीत कावीळ. पुढे अहमदाबादला १९७२ मध्ये नियोजनाचं स्कूल निघालं. महाराष्ट्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत अभ्यासक्रम आले. या दोन्ही अभियांत्रिकीच्या संस्था, हेही ध्यानात घेण्याजोगं आहे.

‘प्रादेशिक’ हा शब्द मात्र महाराष्ट्रात अर्थशास्त्रज्ञामुळे रुजला. १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीकडे मुंबई-पनवेल आणि पुणे परिसराच्या नियोजनाचा विचार सोपवला गेला. सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत पुढे राहिलेला हा माणूस, शहर आणि त्याचा मुलूख वेगळे काढता येत नाहीत हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. महानगराच्या हद्दीत न अडकता सबंध प्रदेशासाठी मंडळं नेमा, असं समितीने सुचवलं. लगेच १९६६ चा कायदा झाला, त्याचं नावच ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम’. प्रदेश आधी, नगर नंतर. खाडीपलीकडच्या नव्या मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. गेडेस डोंगरापासून समुद्रापर्यंतचं खोरं एकसंध बघायला सांगत. सह्याद्रीच्या माथ्यावरून धनगरवाडा, भातखाचरं, खाजण आणि कोळीवाडा असं उतरत जाणाऱ्या कोकणात हे जितकं पटतं, तितकं क्वचित कुठे पटेल.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा घातला. तरीही निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांत १२,००० हून अधिक नगररचनाकार हवे असताना मंजूर पदंच ४,००० च्या आत होती, आणि त्यांतलीही बरीच रिकामी. अनेक राज्यांत या पदासाठी नगररचनेची पदवी अनिवार्यही नव्हती. चार वर्षं बी. प्लॅन, म्हणजे नगररचनेची पदवी, करून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे वाचून काय वाटत असेल, याचा मला खरोखर त्रास होतो.

पण वर्गात काहीतरी सांधलं जातंय. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आता अनेक संस्था स्थापत्य अभियंते आणि वास्तुविशारदांबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेल्यांनाही घेतात. एखादं लहान शहर नेमून दिलं जातं, तिथे ही मुलं सर्व्हे नंबरांचा नकाशा हातात घेऊन गल्लीगल्लीतून पायी फिरतात, कुठली जमीन कशासाठी वापरात आहे ते टिपतात आणि घरोघरी जाऊन विचारतात की पाणी किती वाजता येतं.