गर्भारपणातील मालिश: पहिल्या तीन महिन्यांच्या बंदीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील घरगुती रिवाजात मालिश ही प्रामुख्याने बाळंतिणीची आणि बाळाची मानली गेली. बाळंतपणानंतर सव्वा महिना मालिशवाली बाई येणार, तेल, शेक आणि कढत पाण्याची आंघोळ होणार, हे ठरलेलेच असे. गरोदर बाईच्या वाट्याला मात्र पाठीला किंवा पायांना लावलेल्या तेलापलीकडे फारसे काही येत नसे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने तैलाभ्यंग आणि उटणी वारंवार करू नयेत असे म्हटले आहे, तर चरकसंहितेत कळा सुरू झाल्यावर कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या यांना कोमट तेल लावून सुखावेल इतपत चोळावे असे सांगितले आहे. सुश्रुताची सूचना गर्भधारणेच्या पहिल्या दिवसापासूनच्या एकूण आचारासाठी आहे. तीन महिन्यांची रेघ तिच्यात ओढलेली नाही.

खरा बदल गेल्या तीन दशकांतला आहे. 1992–93 मध्ये देशातील जेमतेम चौथा हिस्सा बाळंतपणे दवाखान्यात होत होती. 2019–21 च्या पाहणीत हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेले. सुईण मागे पडली आणि तिच्यासोबत पोट चाचपणारा, कंबर दाबणारा ओळखीचा हातही गेला. ती जागा शहरांत स्पा, घरी येऊन सेवा देणाऱ्या बायका आणि गर्भसंस्कार वर्गांच्या जाहिराती यांनी भरली. ‘प्रीनेटल मसाज’ या नावाने मालिश परत आली, ती काही तयार नियम घेऊन. त्यांतला सर्वांत ठळक नियम म्हणजे पहिले तीन महिने मालिश अजिबात नको.

या नियमाची छाननी आवश्यक आहे, कारण आज बहुतेक घरांत तो वैद्यकीय सत्य म्हणून सांगितला जातो. आपोआप होणारे बहुतांश गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. साहजिकच या काळात कोणतीही मालिश केली, तर तिच्यानंतर काही दिवसांत गर्भपात झालेल्या स्त्रिया सापडणारच, आणि दोष हात लावणाऱ्यावर येणार. सेवा देणाऱ्यांनी ही जोखीम टाळली, हे समजण्यासारखे आहे. परंतु व्यवसायाने स्वतःच्या बचावासाठी घेतलेली खबरदारी आणि शरीराला असलेला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कटिराच्या हाडांच्या आतच असते, आणि खांद्यांवर किंवा पाठीवर हलक्या हाताने केलेल्या मालिशमुळे गर्भ पडतो असे दाखवणारा पुरावा नाही. घोट्याच्या आतील बाजूचा आणि हाताच्या अंगठ्याजवळचा असे काही बिंदू दाबले की कळा येतात, ही समजूतही याच नियमाला चिकटली आहे. मात्र कळा सुरू करण्यासाठी हेच बिंदू मुद्दाम दाबून पाहणाऱ्या चाचण्यांचा 2017 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा सिझेरियनचे प्रमाण घटवण्यात दाबाचा स्पष्ट उपयोग दिसला नाही. एवढे असूनही रक्तस्राव होत असेल किंवा आधी गर्भपात झालेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये, याबद्दल दुमत असू नये.

या बंदीचे मोठे नुकसान असे झाले की चौथा महिना लागला म्हणजे सारे मोकळे, असा समज रुजला. प्रत्यक्षात धोक्याच्या जागा पुढेच आहेत. गर्भारपणात पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे चार ते पाच पट वाढते, ती बहुधा डाव्या पायात होते, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा धोका आणखी चढतो, म्हणजे नेमका आपल्याकडे पोटऱ्या जोर लावून रगडण्याच्या दिवसांत. एकाच पायाला सूज, दुखणे किंवा ऊब जाणवत असेल, तर तो पाय चोळू नये, तपासून घ्यावा. विसाव्या आठवड्यानंतर अचानक वाढलेली सूज, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. तिथे पाय दाबून घेण्यापेक्षा दाब मोजणे तातडीचे असते. याच काळापासून उताणे झोपवल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो, म्हणून कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपवून मालिश करतात.

पोटाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. आडवे किंवा पायाळू मूल बाहेरून फिरवण्याचे कसब सुईणींकडे होते. आज डॉक्टर तेच काम साधारण 36–37 व्या आठवड्यात करतात; पण सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि गरज पडल्यास लगेच शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून. या सोयींशिवाय जोराने पोट दाबल्यास वार सुटण्याचा किंवा गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

फायद्यांबाबत दावे मोठे आणि पुरावा लहान, अशी स्थिती बराच काळ राहिली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वारंवार उद्धृत होणाऱ्या अमेरिकी अभ्यासात केवळ 26 गर्भवती होत्या. त्यांतील एका गटाला पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे मालिश दिली गेली आणि त्यांची चिंता कमी झाल्याचे नोंदवले गेले. मालिशमुळे ताणाचे संप्रेरक झपाट्याने उतरते, हा जाहिरातींतला दावा मात्र 2011 च्या आढाव्यात टिकला नाही. परिणाम अगदीच नगण्य निघाला. कंबरदुखी हलकी होणे, झोप लागणे, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे याचा दिलासा मिळणे, हे लाभ त्यामुळे खोटे ठरत नाहीत, आणि गरोदर बाईला तेवढेच पुरेसे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत निरोगी स्त्रीला कळांच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी मालिश हा पर्याय मान्य झाला. त्याच शिफारशींत बाळ बाहेर यावे म्हणून वरून पोट दाबण्याला नकार देण्यात आला.

ज्या मालिशचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे संकोचामुळे बोललेच जात नाही. साधारण 35 व्या आठवड्यापासून योनिमार्ग आणि गुदद्वार यांमधील भागाला आठवड्यातून एकदोनदा तेलाने मालिश केल्यास, ज्यांची आधी नैसर्गिक प्रसूती झालेली नाही अशा स्त्रियांना टाके पडण्याचे प्रमाण घटते, असे सुमारे अडीच हजार स्त्रियांवरील चार चाचण्यांतून दिसले आहे. ही मालिश घरीच, स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या हाताने करता येते. ती शिकवायला गर्भवतीच्या नियमित तपासणीतील पाच मिनिटे लागतील.