हापूस, साखर आणि पेट स्कॅन

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक जुनाच सल्ला नव्याने फिरतो: पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी औषध टोचून शरीराचं चित्र काढणाऱ्या तपासणीत) साखर दिल्यावर कॅन्सर चमकतो, तेव्हा साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल. मग केमो घेऊन थकलेल्या बाईला हापूसची फोड तर सोडाच, पेजसुद्धा मोजून मिळते.

यातलं अर्धं खरं आहे. बऱ्याच गाठींच्या पेशी प्राणवायू असूनही ग्लुकोज भसाभस वापरतात, हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं. स्कॅनसाठी शिरेतून देतात ते एफडीजी म्हणजे ग्लुकोजच, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला. पेशी फसते, त्याला आत घेते. आत हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडतं. आता रेणूवर विद्युतभार, त्यामुळे बाहेरची वाट बंद. पुढच्या पायरीला, म्हणजे फ्रुक्टोजचं रूप घ्यायला, नेमका दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन लागतो, आणि तिथे तर फ्लोरिन! ना पुढे, ना मागे. तासाभरात जिथे खप जास्त तिथे साठा जास्त. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन (प्रकाशासारखे ऊर्जाकण) विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या संवेदकांच्या कड्याने दोन्ही एकाच क्षणी टिपले, की उगम त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर. अशा लाखो रेषांतून चित्र उभं राहतं.

स्नायूही साखर ओढतात. म्हणून इंजेक्शननंतर गप्प पडून राहायचं. च्युइंगम चघळलं तर जबडाच उजळतो.

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं. मुंबईतल्या सायक्लोट्रॉनमधून (फ्लोरिन-१८ बनवणाऱ्या यंत्रातून) निघालेला डोस महामार्गाने साडेसात तासांत रत्नागिरीला पोचला, तर जेमतेम सोळावा हिस्सा उरेल. खड्डे धरलेले नाहीत.

आता तो उपासाचा सल्ला. ताटातली साखर तोडली तरी यकृत स्वतः ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी राखतं. गाठीच्या आधी माणूसच वाळतो. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टर ठरवतील, फॉरवर्ड नव्हे.

लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरात) केमोनंतर गाठ उरली, तरी ती जिवंत आहे की नुसता व्रण, याचा अंदाज या स्कॅनमधून येतो. पण चमकलं ते सगळं कॅन्सर नसतं. क्षयाशी झुंजणाऱ्या पेशीही तशाच उजळतात, आणि क्षय आपल्याकडून गेलेला नाही; म्हणून शंका असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. उलट प्रोस्टेटचे कितीतरी कॅन्सर एफडीजीत फिकेच दिसतात. त्यांच्यासाठी पीएसएमए (प्रोस्टेटच्या पेशींवरचं एक प्रथिन) शोधणारा स्कॅन करतात, आणि त्यात साखरेचा कणही नसतो.