ठिपक्यांमागचा पासवर्ड

एखाद्या सॉफ्टवेअरचं सेटिंगचं पान उघडलं, पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके दिसले, की तो सुरक्षित आहे असं आपण धरून चालतो. ब्राउझरमध्ये त्याच चौकटीवर राइट क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ उघडा आणि ‘टाइप’समोरचा ‘पासवर्ड’ हा शब्द खोडून ‘टेक्स्ट’ लिहा. ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतात. नागपुरात बर्डीवर किंवा महालात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. तिथल्या ब्राउझरमध्ये कोणा गिऱ्हाइकाचा पासवर्ड सेव्ह राहिला, तर त्या खुर्चीवर नंतर बसणाऱ्याला एवढं पुरेसं आहे.

या दोषाचा इतिहास स्क्रीनच्याही आधीचा आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच संगणकावर अनेकजण आपापल्या टर्मिनलवरून काम करत, त्यामुळे ज्याच्या त्याच्या फाइली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आले. टर्मिनल टाइपरायटरसारखे होते. पासवर्ड टाइप करताना कागदावर अक्षरं उमटू नयेत, एवढी काळजी घेतलेली होती. पण सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६६ मध्ये एकजण ती फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा लॉगिनच्या वेळचा रोजचा संदेश लिहीत होता. एडिटर तात्पुरत्या फाइलला ठरावीक एकच नाव देई, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करेल असं गृहीत धरलेलं होतं. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली आणि जो लॉगिन करेल त्याच्या कागदावर सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून येऊ लागली. कॉर्बातोंनी पुढे संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा किस्सा स्वतः सांगितला.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या १९७९ च्या लेखात याच घटनेचा दाखला दिला. पासवर्ड मूळ रूपात ठेवायचाच नाही, त्यावरून काढलेली आणि उलट न फिरवता येणारी किंमत तेवढी ठेवायची, हा त्यांचा मार्ग. फाइल फुटली तरी पासवर्ड थेट हाती लागत नाही. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच, आणि स्क्रीन बनवणाऱ्यांनी ते पुरेसं मनावर घेतलं नाही.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डच्या चौकटीतल्या फुल्यांमागे खरा मजकूर तसाच असे. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम त्या चौकटीला ‘तुझ्यातला मजकूर दे’ असा संदेश पाठवू शके, आणि चौकट तो देऊन टाके. फुल्यांवर माउस नेला की पासवर्ड दाखवणारी फुकट साधनं तेव्हा सर्रास मिळत. धरमपेठ, सदर भागातल्या सायबर कॅफेंचा तो काळ. डायल-अपचे तास विकत घ्यावे लागत आणि त्या कनेक्शनचा पासवर्ड याच फुल्यांमागे असे. विंडोज २००० पासून दुसऱ्या प्रोग्रॅमला असा मजकूर मिळणं बंद झालं.

वेबवर मात्र तीच गोष्ट नव्याने आली. पासवर्डची खास चौकट वेबपानं लिहायच्या भाषेत, १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये होती. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की हे संरक्षण हलकंच आहे. शेजारून पाहणाऱ्याला अक्षरं दिसत नाहीत, इतकंच. थोडक्यात, तो पडदा आहे, कुलूप नव्हे.

मोठ्या कंपन्याही यात अडकल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या मॅकओएस हाय सिएरात डिस्क युटिलिटी या साधनाने एन्क्रिप्टेड व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचा पासवर्डने कुलूपबंद भाग, बनवताना पासवर्ड आणि आठवणीसाठीची खूण दोन्ही विचारली, पण खुणेच्या जागी पासवर्डच साठवला. ‘शो हिंट’ दाबलं की खुद्द पासवर्ड समोर. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ॲपलला दुरुस्ती काढावी लागली. इथे एन्क्रिप्शन भक्कम होतं, चुकली ती फक्त एक खिडकी.

कधी झाकण्याची सोयच दोष ठरली. लिनक्सवर जादा अधिकाराने कमांड चालवणाऱ्या ‘सुडो’ला पासवर्ड देताना साधारणपणे काहीच दिसत नाही. लोक गोंधळतात म्हणून प्रत्येक अक्षराला एक फुली दाखवणारा पर्याय आला आणि लिनक्स मिंटसारख्या काही वितरणांत तो आधीपासून चालू असे. त्या फुल्या पुसण्याच्या कोडमध्येच बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याचा दोष, निघाला. तो वापरून साध्या युजरला रूटचे, म्हणजे संगणकावरचे सगळे, अधिकार मिळवता येत. जानेवारी २०२० मध्ये १.८.३१ आवृत्तीत तो मिटवला.

सर्वांत सूक्ष्म प्रकार २०२३ मधला, किपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला. मास्टर पासवर्ड टाइप करताना चौकट प्रत्येक अक्षरागणिक मेमरीत एक तुकडा सोडत होती: आधीच्या अक्षरांचे ठिपके आणि शेवटी नुकतं टाइप केलेलं अक्षर. ‘संत्रा’सारखा रोमन लिपीत टाइप केलेला पासवर्ड घ्या. एका तुकड्यात एक ठिपका आणि दुसरं अक्षर, पुढच्यात दोन ठिपके आणि तिसरं अक्षर. मेमरीची प्रत हाती लागली की हे तुकडे ओळीने लावायचे. पहिलं अक्षर सोडून जवळजवळ सगळा पासवर्ड जुळतो. ठिपक्यांच्या संख्येवरूनच अक्षराची जागा कळते. २.५४ आवृत्तीत यावर उपाय आला.

‘पासवर्ड दाखवा’ हे डोळ्याचं बटणही बिनधोक नाही. ते दाबलं की चौकट साधी होते. क्रोममध्ये वाढीव स्पेलचेक सुरू असेल तर अशा चौकटीतला मजकूर तपासणीसाठी सर्व्हरकडे जाऊ शकतो, हे २०२२ मध्ये उघड झालं. तरी ते बटण काढून टाकावं असं मला वाटत नाही. मोबाइलवर लांब पासवर्ड न बघता टाइप करायला लावलं की लोक छोटा पासवर्ड ठेवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही पासवर्ड बघायची सोय द्यावी असंच सांगतात.

खरी गफलत सर्व्हरच्या बाजूला होते. जेनकिन्स या, सॉफ्टवेअरची बांधणी आपोआप करणाऱ्या साधनाच्या कितीतरी प्लगइनमध्ये २०१९-२० च्या सुमारास हाच दोष नोंदला गेला: साठवलेला पासवर्ड सेटिंगच्या फॉर्मबरोबर उघड्या मजकुरात ब्राउझरपर्यंत यायचा. मेल सर्व्हरचा पासवर्ड ‘एडिट’च्या पानावर परत भरून देणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे पीएचपीतले प्रोजेक्ट यांतही तेच होतं. मिहान असो की आयटी पार्क, टेस्टिंग करणाऱ्याने ते पान उघडून ‘व्ह्यू सोर्स’मध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, पासवर्डच्या चौकटीची ‘व्हॅल्यू’ बघावी. ती रिकामी हवी. नवा पासवर्ड लिहिला तरच जुना बदलायचा, नाही लिहिला तर जुना सर्व्हरवर तसाच राहू द्यायचा. कोडच्या दोन-चार ओळींचं काम आहे.