सदोष तपास आणि चुकीची दोषसिद्धी

गुन्हा न केलेल्या व्यक्तीला न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावणे म्हणजे चुकीची दोषसिद्धी होय. खोटी साक्ष, दबावाखाली घेतलेला कबुलीजबाब, सदोष ओळख परेड (साक्षीदाराला रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून गुन्हेगार ओळखायला सांगणे) आणि आरोपीला अनुकूल असलेला पुरावा दडवणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी बहुतेकांचे मूळ पोलीस ठाण्यातील पहिल्या काही दिवसांत असते. न्यायालयापुढे खटला येतो तेव्हा दोषारोपपत्राला एकसंध रूप आलेले असते आणि त्यातून काय वगळले गेले हे वरवर पाहून कळत नाही.

महाराष्ट्रातील याचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिकचे आहे. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला आणि त्यात पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली; मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून इतरांना जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये जन्मठेप झालेल्या तिघांनाही पुन्हा फाशीच सुनावली. या सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झाले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी सर्वांची निर्दोष मुक्तता केली.

या निकालाचा गाभा छायाचित्रांच्या एका अल्बममध्ये आहे. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेला घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या नोंदीतील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवण्यात आली होती आणि तिने त्यांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहा आरोपींपैकी नव्हते. तरीही त्यांच्याविरुद्ध तपास पुढे गेला नाही, आणि याच साक्षीदाराने नंतर ओळख परेडमध्ये व न्यायालयात वेगळ्याच माणसांकडे बोट दाखवले. ती जाणूनबुजून खोटे बोलली असे मानण्याची गरज नाही. एवढ्या भीषण रात्रीनंतर, अंधारात पाहिलेल्या चेहऱ्यांची आठवण पक्की राहील ही अपेक्षाच अवास्तव आहे. तिचा पहिला जबाब जपून ठेवणे आणि बचाव पक्षापर्यंत पोहोचवणे ही तपासी अधिकाऱ्याची जबाबदारी होती.

कायद्याने ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नसून न्यायालयातील ओळखीला दुजोरा देणारा आहे. आरोपीबरोबर वयाने व अंगकाठीने मिळतीजुळती माणसे उभी करावी लागतात, परेडला विलंब होऊ द्यायचा नसतो आणि साक्षीदाराला आरोपी आधी दिसता कामा नये. नाशिकसारख्या शहरात, जिथे अटकेची बातमी आणि छायाचित्र परेडच्या आधीच मोबाइलवर फिरते, ही शेवटची अट पाळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे पंचनामा. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र त्याने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला भाग ग्राह्य धरला जातो. त्यामुळे ‘कोयता लपवला ती जागा दाखवतो’ असे निवेदन, मग जीपमधून त्या जागी जाणे, हत्यार कागदात गुंडाळून लाखेची मोहोर लावणे आणि पंचांच्या सह्या हा क्रम असंख्य खटल्यांत जवळपास त्याच शब्दांत वाचायला मिळतो. तोच पंच अनेक गुन्ह्यांत सही करताना दिसला किंवा उलटतपासणीत ‘सही ठाण्यातच केली’ म्हणाला, की जप्तीचा आधारच ढासळतो.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या 2006 च्या बॉम्बस्फोटांत अटक झालेल्या नऊ जणांची उदाहरणे याच प्रवाहातली, पण वेगळ्या टप्प्यावरची आहेत. तिथे दोषसिद्धी झालीच नाही. पुढे तपासाची दिशा बदलली आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांची अनेक वर्षे तुरुंगात गेली होती.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट यांची तरतूद केली आहे. सरकारी पक्षाने न वापरलेल्या कागदपत्रांची यादीही आरोपीला मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या वर्षांत स्पष्ट केले आहे. अल्बमच्या प्रसंगाला लागू पडणारा खरा उपाय हाच.

भरपाईचा भाग मात्र तोकडा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 358 नुसार निराधार अटकेबद्दल मिळणाऱ्या रकमेची मर्यादा एक हजार रुपये होती. विधी आयोगाने 2018 मधील आपल्या 277 व्या अहवालात अशा पीडितांसाठी स्वतंत्र कायदेशीर व्यवस्था सुचवली. नाशिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास सांगितले, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला आणि अल्बममधून ओळखल्या गेलेल्या त्या चौघांबाबत पुढील तपास करण्याचेही निर्देश दिले.